कातरी जरा दूर ठेवा: रोमन पोशाखाविषयी वाचकांचे प्रश्न

प्र. ऐतिहासिक प्रसंग-सादरीकरणासाठी पहिल्या शतकातला ट्युनिक (रोमन अंगरखा) शिवला. गोल गळा कापला, बाह्या जोडल्या. मोजमाप बरोबर असूनही तो नाटकातला झगा वाटतो. चूक कुठे झाली?

उ. गोल गळ्यात आणि जोडलेल्या बाह्यांत. त्या काळचा नेहमीचा ट्युनिक म्हणजे लोकरीचे दोन आयत, खांद्यांवर आणि कुशीत जोडलेले. बाही वेगळी नसते; रुंद कापड खांद्यावरून दंडावर ओघळतं, तीच बाही.

साधारण 170 सेंमी उंचीच्या माणसासाठी प्रत्येक आयत 90 सेंमी रुंद आणि 114 सेंमी लांब घ्या (त्यात 4 सेंमी खालच्या दुमडीचे). कापडाचा पन्हा दीड मीटर असेल तर 114 सेंमीचं माप पन्ह्याच्या दिशेने धरा, मग 1.9 मीटर कापडात दोन्ही आयत निघतात. ही दिशा केवळ काटकसरीची नाही. मूळ ट्युनिकही मागावर आडवेच विणले जात, त्यामुळे कापडाची पक्की किनार खांद्याशी येई. तुम्हीही किनार वर ठेवा. दोन्ही बाजूंनी 30-30 सेंमी खांदे शिवा आणि मधले 30 सेंमी तसेच सोडा. झाला गळा! कापलेलाच नाही, म्हणून उसवतही नाही. कुशीत वरून 28 सेंमी हातासाठी मोकळे ठेवून खाली शिवत या. दोरा लोकरीचा, शिलाई हाताची.

कमरेला पट्टा बांधून वरचं कापड थोडं ओढून फुगवलं की कड गुडघ्याशी येते. कापण्याआधी कापड कोमट पाण्यात भिजवून वाळवायला मात्र विसरू नका. लोकर आटते, आणि शिवल्यावर आटली तर हा सगळा हिशेब वाया जातो.

प्र. टोगा सारखा डाव्या खांद्यावरून घसरतो. आतून पिना लावल्या तर चालेल का?

उ. टोगा म्हणजे ट्युनिकवर गुंडाळायचं अर्धगोल लोकरी कापड; त्याला पिना नव्हत्या. तो वजनावर आणि घर्षणावर टिकतो. घसरतो म्हणजे बहुधा कापड सुती किंवा कृत्रिम धाग्याचं आहे. चादर गुंडाळून टोगा होत नाही, हे एकदा स्वीकारलं की पुढचं सोपं जातं.

दर चौरस मीटरला 200 ते 280 ग्रॅम वजनाची मऊ, साध्या विणीची लोकर घ्या. साम्राज्यकाळातल्या भरदार टोग्यासाठी सरळ कड उंचीच्या तिप्पट आणि मधली खोली दीडपट धरा. 170 सेंमी उंचीला 5.1 मीटर आणि 2.55 मीटर. दीड मीटर पन्ह्याचे दोन लांब तुकडे किनारीला किनार लावून जोडा आणि खालची बाजू गोलाईत कापा. या पोशाखात मोठी कातरी चालते ती एवढ्याच ठिकाणी. 250 ग्रॅमच्या कापडाचा असा टोगा अडीच किलोच्या आसपास भरतो; तेवढं वजन हवंच.

सरळ कड साधारण 60 सेंमी बाहेरच्या बाजूला दुमडा. एक टोक डाव्या खांद्यावरून पुढे, नडगीच्या खालपर्यंत सोडा. उरलेला टोगा पाठीवरून, उजव्या काखेखालून पुढे आणा आणि पुन्हा डाव्या खांद्यावरून मागे टाका. दुमडलेला भाग उजव्या मांडीवर झोळीसारखा लोंबतो, तो सिनुस. आता डाव्या बाजूचं आत दबलेलं कापड छातीशी थोडं वर ओढून सिनुसवर बाहेर काढा. हा उंबो. याने पुढचं टोक वर उचललं जातं आणि पायात येत नाही. बहुतेकांचा टोगा जमिनीवर लोळतो तो ही पायरी गाळल्यामुळे. वक्तृत्वाचा शिक्षक क्विन्टिलियन पहिल्या शतकातच बजावतो की टोगा गोल आणि नीट कापलेला असावा, पुढची कड नडगीच्या मध्यावर यावी.

डावा हात कोपरात वाकवलेलाच राहतो. आतला ट्युनिकही लोकरीचा असू द्या. गुळगुळीत लिननवरून टोगा निसटतो. आणि दुसऱ्या माणसाची मदत घ्या, रोमन लोकही घेत.

प्र. उभे जांभळे पट्टे फक्त सिनेटरच वापरत ना? साटिनची फीत चालेल?

उ. रुंद पट्टे सिनेटरांचे आणि अरुंद अश्वारूढ वर्गाचे (सिनेटरांच्या खालोखालचा श्रीमंत वर्ग), हे खरं. पण मृत समुद्राजवळच्या ‘पत्रांच्या गुहेत’ बार कोख्बा उठावातल्या (रोमविरुद्ध ज्यूंचा उठाव, इ. स. 132–135) निर्वासितांचे जे कपडे सापडले त्यांतही पट्टे आहेत. तेव्हा साध्या माणसाच्या ट्युनिकवर दोन-तीन सेंमीचे पट्टे खुशाल घ्या. मूळ पट्टे विणतानाच घातलेले असत. ते जमत नसेल तर त्याच जाडीच्या लोकरीची पट्टी बारीक टाक्यांनी लावा. साटिन नको, लोकर आटते, फीत आटत नाही आणि पहिल्या धुण्यात सगळं चुरगळतं. रंगासाठी जांभळा रंग देणाऱ्या समुद्री शंखांच्या मागे लागू नका. निळीवर मंजिष्ठा चढवून नकली जांभळा तेव्हाही करत.

प्र. मंजिष्ठेने लाल रंग हवा होता, विटकरी तपकिरी आला.

उ. पाणी जास्त तापलं. एक किलो कोरड्या लोकरीला 150 ग्रॅम तुरटी आधी लावून घ्या, मग 500 ग्रॅम ते एक किलो मंजिष्ठा. तापमान 60–65 अंशांवर तासभर ठेवा. 70 च्या वर गेलं की तपकिरी छटा उतरू लागते. लोखंडी भांडंही लाल मारतं, स्टीलचं घ्या. लोकर त्याच पाण्यात गार होऊ द्या. गरम लोकर गार पाण्यात टाकून घुसळली तर तिचा नमदा होतो.

प्र. खिळ्यांच्या सैनिकी चपला फरशीवर घसरतात.

उ. घसरणारच. इ. स. 70 मध्ये जेरुसलेमच्या मंदिरात युलियानुस हा सेंच्युरियन (रोमन तुकडीचा नायक) अशाच खिळ्यांमुळे दगडी फरशीवर पडला आणि मारला गेला, असं त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. सादरीकरण माती-गवतावर ठेवा. खिळ्यांची टोकं मात्र तळाच्या आतल्या बाजूने वळवून ठोकलेली आहेत ना, ते तपासा. नाहीतर खिळे गळतात किंवा टाचेत घुसतात. थंडीत आत मोजे घालायला हरकत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलांडा या रोमन किल्ल्यात सापडलेल्या एका लाकडी पत्रात मोजे आणि आतले कपडे पाठवल्याचा उल्लेख आहे.