शेततळ्यातल्या उवा आणि दुकानदाराचा सल्ला

प्रश्न : शेततळ्यात रोहू, कटला सोडलेत. मासे अस्तराला अंग घासतात, उड्या मारतात. अंगावर चपट्या उवा दिसतात. दुकानदार सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक टाका म्हणतो. शेजाऱ्याने टाकलं होतं, गुण आला. जास्तीचं पाणी ओढ्याला जातं. टाकू का?
– एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : नका टाकू. आधी त्या बाटलीचं लेबल वाचा. कपाशी, भेंडी, वांगी. मासा कुठे आहे? फवारणीनंतर वांगं किती दिवसांनी तोडायचं ते छापलेलं असतं, मासा कधी काढायचा ते कोण सांगणार?

शेजाऱ्याच्या उवा मेल्या असतील, नाही म्हणत नाही. पण ही ऊ, म्हणजे आर्ग्युलस, खेकडा-कोळंबीच्या गोतातली. डॅफ्नियासारखे बारीक जीवही त्याच गोतातले, आणि कटला पोसतो तो त्यांच्यावर. औषध मारताना नातं बघत नाही. शेवाळ खाणारे हे जीव संपले की शेवाळ माजतं, पहाटे प्राणवायू कमी पडतो, मासे तोंड वर काढतात आणि आपले शेतकरीबंधू पाण्यात हवा मिसळणाऱ्या एरेटरच्या चौकशीला निघतात! शिवाय तळ्यात पाणी किती, हे बहुतेकांचं अंदाजपंचे. हे औषध लिटरमागे काही मायक्रोग्रॅमलासुद्धा माशाला मारू शकतं.

ओढ्याचं विचारलंत ते बरं केलंत. तिथले खेकडे, झिंगे, चतुराच्या अळ्या यांना हेच विष लागू पडतं, आणि ते गाळाला धरून राहतं. कॅनडात न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर २००९-१० साली सामन माशांच्या उवांसाठी सायपरमेथ्रिन वापरलं गेलं. तिथे त्याला परवानगी नव्हती. आसपासचे लॉबस्टर, म्हणजे खेकडा-कोळंबीच्याच गोतातले मोठे समुद्री जीव, मेले. २०१३ मध्ये कंपनीला ५ लाख डॉलरचा भुर्दंड पडला. तुमच्या ओढ्यातल्या खेकड्यांसाठी कोर्टात कोण जाणार?

आणि एवढं करून अंडी शाबूतच. ही ऊ मासा सोडून अस्तरावर, दगडावर, काडीवर अंडी चिकटवते. तिथेच तिला गाठा. बांबूच्या कामट्या पाण्यात उभ्या रोवा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा, तोवर दुसरा संच पाण्यात. हे दोनेक महिने नेटाने करा. जाळ्यात आलेल्या माशांना लिटरला २० ग्रॅम खडेमिठाच्या पाण्यात काही मिनिटं ठेवा. मासा कलंडायला लागला की लगेच बाहेर. पुढची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना पर आणि कल्ल्यांची झाकणं उलटून बघा. विकणारा घाई करेल, करू दे.