पायथनमध्ये दिसायला अगदी सारखी मराठी नावं वेगळी का ठरतात?

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. सोसायटीच्या सभासदांच्या दोन याद्या आहेत. एक जुन्या एक्सेल फायलीतली, दुसरी यंदा गूगल फॉर्मवर भरून घेतलेली. दोन्हींच्या सीएसव्ही करून पायथनने नावं जुळवली, तर ३७ नावं जुळेनात. उघडून बघितलं तर डोळ्यांना दोन्हीकडे तीच नावं. स्ट्रिप (मजकुराच्या दोन्ही टोकांची मोकळी जागा काढणारं फंक्शन) लावून झालं, फरक नाही. आता कुणी सुचवलंय की फझी मॅचिंग (तंतोतंत नव्हे, अंदाजे साम्यावर जुळवणं) करा आणि ९० टक्क्यांच्या वर साम्य असेल तर तोच माणूस समजा. हे करू का? आणि जाता जाता, यादी मराठी अकारविल्हे कशी लावायची?

फझीच्या वाटेला जाऊ नका. मी गेलो होतो.

एका पतसंस्थेच्या लाभांशाच्या यादीचं काम माझ्याकडे आलं होतं. तिथेही अशीच चाळीसेक नावं अडली होती. मी दोन मजकुरांतलं साम्य ० ते १ मध्ये मोजणारं, पायथनबरोबरच येणारं डिफलिब घेतलं, ०.९ ची रेषा आखली आणि सगळी नावं जुळली म्हणून खुशीत फाईल पाठवून दिली. चार दिवसांनी फोन: विलासरावांच्या खात्यात दोन लाभांश, विकासरावांच्या खात्यात शून्य. सख्खे भाऊ. वडलांचं नाव एक, आडनाव एक, फरक ल आणि क चा.

तेव्हा आकडे नीट बघितले आणि कपाळावर हात मारला. नावं बदलून उदाहरण देतो, गणित तुम्हीही करून बघू शकता. 'विलास रामचंद्र बऱ्हाटे' आणि 'विकास रामचंद्र बऱ्हाटे' या दोन वेगळ्या माणसांमधलं साम्य डिफलिब ०.९५ देतं. आणि त्याच विलास रामचंद्र बऱ्हाट्यांचं नाव दोन पद्धतींनी टाइप केलेलं असेल, तर साम्य येतं ०.९३. म्हणजे रेषा कुठेही आखा, भाऊ आधी आत येतो, स्वतः माणूस नंतर.

एकच नाव 'दोन पद्धतींनी टाइप' कसं होतं, तिथेच तुमच्या ३७ नावांचं मूळ असणार. आपल्या 'बऱ्हाटे', 'कुऱ्हाडे', 'वऱ्हाड' मधला तो आडवा र संगणकात तीन प्रकारे साठवलेला सापडतो. पहिला प्रकार, ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, क्रमांक ०९३१) आणि त्याला हलन्त. दुसरा, साधा र, त्याखाली नुक्ता (खालचं टिंब), मग हलन्त. तिसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर, क्रमांक २००डी. पडद्यावर तिन्ही हुबेहूब 'बऱ्हाटे'. पायथन मात्र चित्र बघत नाही, क्रमांकांची माळ बघतं. पहिल्या प्रकारात या आडनावाची लांबी ७ भरते, बाकीच्या दोन्हींत ८. कुठला कीबोर्ड, कुठलं टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्यावर कोणता प्रकार उमटणार ते ठरतं. तुमची एक यादी ऑफिसातल्या जुन्या संगणकावर झाली आणि दुसरी दोनशे जणांच्या मोबाइलवर, मग दुसरं काय होणार?

म्हणून कोडला हात लावण्याआधी एक करा. न जुळणारं एक नाव दोन्ही याद्यांतून घ्या आणि नुसतं प्रिंट करू नका. आर-ई-पी-आर या चार अक्षरी फंक्शनमध्ये घालून प्रिंट करा. लपलेला जॉइनर असेल तर तो नावाच्या मधोमध बॅकस्लॅश, यू, २००डी असा उघडा पडतो. तरीही दोन्ही सारखीच दिसली तर ॲस्की नावाचं फंक्शन लावा. ते प्रत्येक अक्षराचा क्रमांकच समोर ठेवतं. दोन ओळी एकाखाली एक ठेवल्या की फरक कुठे आहे ते दहा सेकंदांत कळतं. मी हे आधी केलं असतं तर विकासरावांची बोलणी खाल्ली नसती.

दुसरा नेहमीचा चोर म्हणजे ॲ. तुमच्या यादीत वकील मंडळी असतीलच, त्यांच्या नावाआधी 'ॲड.' असतं. हा ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून (क्रमांक ०९७२) आला २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र काढायचे, आणि जुन्या सवयीने अजूनही काढतात. इथे एक खाच आहे. युनिकोडडेटा या मॉड्यूलमध्ये नॉर्मलाइझ नावाचं फंक्शन आहे, त्याला 'एनएफसी' (सुटी चिन्हं जोडून एक अक्षर करणारी पद्धत) सांगितलं की र अधिक नुक्ता याचं ते बरोबर ऱ करून देतं. त्यामुळे सगळीकडे 'एनएफसी लावा, प्रश्न मिटला' असं लिहिलेलं सापडेल. मिटत नाही. युनिकोडच्या हिशेबी अ अधिक चंद्र आणि ॲ यांचं काही नातंच नाही, म्हणून एनएफसी त्याला शिवतही नाही. जॉइनरवाल्या र्‍ ला तर नाहीच नाही. ही दोन कामं हातानेच करावी लागतात.

मग फंक्शन असं होतं. आधी नॉर्मलाइझ, एनएफसी. मग रिप्लेस: र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त. मग रिप्लेस: अ आणि चंद्र यांच्या जागी ॲ. त्यानंतर उरलेसुरले जॉइनर, नॉन-जॉइनर (२००सी) आणि फाईलच्या तोंडाशी येणारं बॉम हे अक्षर (एफईएफएफ) काढून टाका. स्ट्रिप या तिघांना काढत नाही, कारण पायथनच्या लेखी ती मोकळी जागा नाहीच. तुमचं स्ट्रिप त्यामुळेच वाया गेलं. शेवटी नाव स्प्लिट करून एकेका स्पेसने परत जॉइन करा, म्हणजे नाव आणि आडनावाच्या मधल्या दोन-दोन स्पेसही जातात.

क्रम मात्र हाच ठेवा. मी पहिल्यांदा जॉइनर आधी उडवले होते. त्याने र आणि हलन्त उघडे पडले, त्यांचा रफार होऊन ह च्या डोक्यावर बसला आणि बऱ्हाट्यांचे झाले 'बर्हाटे'. एनएफसीकडे त्यावर उपाय नाही.

अजून एक पथ्य: हे धुतलेलं नाव फक्त तुलनेसाठी वापरा. डिक्शनरीत किल्ली म्हणून धुतलेलं नाव आणि किंमत म्हणून मूळ ओळ. पत्र छापायचं ते मूळ नावाने. काही जण अर्धं अक्षर मोडून दाखवायला जॉइनर मुद्दाम वापरतात, त्यांच्या नावात आपण परस्पर फेरफार कशाला करायचा? डिक्शनरी केली की लूपमध्ये लूप घालून प्रत्येक नाव प्रत्येकाशी ताडायची गरजही जाते. पण किल्ली देण्याआधी एका यादीत तीच किल्ली दोनदा येतेय का ते तपासा. पायथन हूं की चूं न करता आधीची ओळ पुसून नवी ठेवतं, आणि एका गावात दोन 'संजय पाटील' असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

खरं तर सभासद क्रमांक दोन्ही याद्यांत असेल तर नावाने जुळवूच नका, क्रमांकाने जुळवा. तिथे एक सुखद धक्का मिळेल. एका यादीत क्रमांक '१०१' असा मराठीत आणि दुसरीत तोच इंग्रजी आकड्यांत असला, तर मजकूर म्हणून ते वेगळे ठरतात. पण दोघांना इंट (मजकुरातून आकडा करणारं फंक्शन) लावा, पायथनला मराठी आकडे वाचता येतात. वेगळं काही करावं लागत नाही.

इतकं कौतुक केल्यावर एक तक्रारही करतो. नावातले टिंब, कंस वगैरे काढायला बरेच जण रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरात नमुना शोधायच्या भाषेतलं) बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर', वापरतात. पायथनच्या स्वतःच्या 'आरई' मॉड्यूलमध्ये त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त काहीच धरलेलं नाही. 'मराठी' या शब्दातून ते 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे काढून देतं. इझअल्फा (सगळी अक्षरंच आहेत का ते सांगणारं फंक्शन) विचारलं तरी 'मराठी' म्हणजे अक्षरं नव्हेत असं उत्तर येतं. आणि गंमत अशी की मराठी हेच व्हेरिएबलचं नाव म्हणून दिलं तर पायथन ३ ते बिनतक्रार घेतं. एवढंच काय, व्हेरिएबलची नावं ते स्वतःहून नॉर्मलाइझ करतं, तुमच्या डेटाला मात्र हात लावत नाही. तेव्हा टिंब काढायचंय तर टिंबच रिप्लेस करा. नाहीतर वेगळं इन्स्टॉल करावं लागणारं 'रेजेक्स' मॉड्यूल घ्या, ते मात्रा धरून ठेवतं. तरी आता बरे दिवस आहेत. पायथन २ मध्ये साध्या स्ट्रिंगमधल्या 'मराठी'ची लांबी विचारली की १५ यायची, कारण ते अक्षरं नव्हे, बाइट मोजायचं आणि यूटीएफ-८ मध्ये (युनिकोडचे क्रमांक फाईलमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) आपल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

फाईल उघडण्याचं थोडक्यात. विंडोजवर असाल तर ओपन करताना एन्कोडिंग लिहाच, बहुतेक आवृत्त्यांत ते आपसूक यूटीएफ-८ नसतं. वाचताना 'यूटीएफ-८-सिग' द्या. ते बॉम गिळून टाकतं, नाहीतर पहिल्या कॉलमचा मथळा 'नाव' असूनही 'नाव नावाची किल्लीच नाही' अशी एरर येते आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. लिहितानाही तेच द्या, म्हणजे एक्सेलमध्ये डबल क्लिक केल्यावर मराठीच्या जागी भुतं दिसणार नाहीत.

आता अकारविल्हे. साधं सॉर्टेड क्रमांकानुसार लावतं. त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो आणि क्ष हा क च्या पोटात जातो. आपल्या कोशांत ह नंतर ळ, मग क्ष, ज्ञ. 'क्षीरसागर' मंडळी 'कुलकर्णीं'च्या मागे उभी दिसली तर कुणाचं काही अडत नाही, पण यादी फलकावर लागणार असेल तर कुणीतरी नक्की बोलतं. पायआयसीयू (भाषेनुसार क्रम लावणारं मॉड्यूल) इन्स्टॉल होत असेल तर त्याला मराठी लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, द्या, ते हा क्रम पाळतं. होत नसेल (विंडोजवर बऱ्याचदा नाटकं करतं), तर सॉर्टेडला की म्हणून एक छोटं फंक्शन द्या. त्यात फक्त तुलनेपुरतं ळ, क्ष आणि ज्ञ यांच्या जागी, याच चढत्या क्रमाने, ह नंतरच्या पण काना आधीच्या क्रमांकाची न वापरलेली चिन्हं ठेवायची. क्ष आणि ज्ञ आधी बदला, एकेका अक्षरावर फिरलात तर क, हलन्त, ष असे तुकडे हाती येतील. अनुस्वाराचा क्रम यात तंतोतंत साधत नाही, पण सभासद यादीला पुरतं.

हे सगळं करून ३७ पैकी चार-पाच नावं उरतील, असा माझा अंदाज. ती सुनील-सुनिल, शिंदे-शिन्दे या जातीची असतील. तिथे डिफलिब जरूर वापरा, पण निर्णय त्याला देऊ नका. जवळची जोडी काढून ती एका वेगळ्या फाईलमध्ये लिहायला सांगा आणि ती फाईल सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर ठेवा. कोण कुणाचा भाऊ हे त्यांना तोंडपाठ असतं.