टिकली लावून चर्चला आली म्हणून…

प्रश्न : सलाम. आमच्या मंडळीतली एक मुलगी, संडेस्कूलला मीच शिकवलंय तिला, तिने हिंदू मुलाशी कोर्ट मॅरेज केलं आणि मग चर्चला यायचीच बंद झाली. आता नाताळपासून परत येतेय. टिकली, मंगळसूत्र सगळं असतं, शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वादाच्या आधीच निघून जाते. कोणीतरी तिचा सत्यनारायणाच्या पूजेतला फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मी तिच्याशी बोलले तर मंडळातल्या बायका म्हणतात पापाला पाठीशी घालू नका. तिने प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षारसाचा विधी) घ्यावं का? आणि तिने मला गणपतीत घरी बोलावलंय, जाऊ का?
– एक भगिनी, नगर

उत्तर : सलाम ताई. आधी तो फोटो. बायबलात मत्तय 18 मध्ये प्रभूने क्रम सांगितलाय, भाऊ चुकला तर एकट्याने जाऊन त्याच्याशी बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, आणि मग शेवटी मंडळीला सांग. आपल्याकडे डायरेक्ट शेवटून सुरुवात, आधी ग्रुपवर फोटो आणि तिच्याशी अजून कोणी एक शब्द बोललेलं नाही, तुम्ही सोडून. ज्यांनी टाकलाय त्यांना फोन करून डिलीट करायला सांगा, ग्रुपवर भांडू नका.

मंगळसूत्राचं तर राहूच द्या, आपल्या कितीतरी बायकांच्या गळ्यात आहे, वाट्यांच्या जागी क्रूस एवढाच काय तो फरक.

आता लग्न. बायका तुम्हाला प्रेषित पौलाच्या पत्रातलं 2 करिंथ 6 दाखवत असतील, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड होऊ नका. बरोबर आहे, आणि लग्नाआधी ती विचारायला आली असती तर मीही तेच सांगितलं असतं. पण लग्न झालंय हो! आणि तोच पौल 1 करिंथ 7 मध्ये लिहितो की नवरा विश्वास ठेवणारा नसला पण नांदायला तयार असला तर बायकोने त्याला सोडू नये, तिच्यामुळे तो पवित्र झालेला आहे. हे वचन कोणी ग्रुपवर टाकलं नसेल. पौलाचा सोबती तीमथ्य, त्याचंच घ्या, आई युनीके विश्वास ठेवणारी, बाप हेल्लेणी म्हणजे ग्रीक, आणि पौलाने त्यालाच सोबत घेतलं. त्या घराला मंडळीने दार लावलं असतं तर?

आणि आपण नगरचे लोक हे विसरतो याचं मला नवल वाटतं. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र हिंदूच राहिल्या, पुढे नवऱ्याकडे आल्या तरी सोवळंओवळं पाळायच्या, पाण्याचासुद्धा विटाळ मानायच्या. त्यांचं त्यांनाच हळूहळू सुटत गेलं आणि मग 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं घाई करून चाललं नसतं. तुमची मुलगी तर उलट घरचीच आहे, परत यायला लागलीये, आणि तुम्ही कपाळ बघत बसलाय (तुम्ही नाही, त्या).

प्रभुभोजनाचं विचाराल तर प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करून भाकर खावी असं लिहिलंय, शेजारणीची परीक्षा करून नाही. पूजेला बसणं ही साधी गोष्ट आहे असं मी म्हणत नाही, प्रभूचा मेज आणि मूर्तीपुढचा मेज दोन्हीकडे बसता येत नाही हेही पौलच सांगतो. पण ती तिथे का बसली, सासूच्या धाकाने की मनापासून, हे तिला विचारल्याशिवाय कसं कळणार? ते पाळकांनी विचारावं, तिच्या घरी जाऊन नाही, तर पार्सोनेजवर म्हणजे आपल्या घरी चहाला बोलवून, पाळकीणबाई सोबत असतील तर उत्तमच. तोवर कोणी तिला ताट पुढे करताना डोळे वटारू नयेत.

गणपतीत घरी जा. बिनधास्त जा. सासरी तिच्या माहेरचं असं कोण जातंय सांगा. आरतीला हात जोडायची सक्ती तुम्हाला कोणी करणार नाही, आणि केलीच तर हसून नको म्हणा, ती सांभाळून घेईल. खाण्यापिण्याबद्दल 1 करिंथ 10 सरळ आहे, पुढे वाढलेलं चौकशी न करता खावं, पण हा नैवेद्याचा आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नये. तेव्हा प्रसादाचा मोदक आला तर म्हणा, मला आपला चहाच दे बाई, आणि दुसरा कपही मागा, म्हणजे थोडं जास्त बसणं होईल.