‘टच’ मालिकेतल्या जेकसारखी मुलं खरंच असतात का?

तुम्ही विचारलंय: ‘टच’ या मालिकेचा पहिला भाग पाहिला, त्यातला न बोलणारा मुलगा आकड्यांवरून पुढे काय घडणार ते ओळखतो, ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांमध्ये अशी काही शक्ती असते का? आणि खाली एक ओळ आहे, की तुमच्या भाच्याला नुकतंच हे निदान झालंय. मी उत्तर त्या खालच्या ओळीसाठी लिहितोय.

माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. इथे त्याला सोन्या म्हणतो. तो बोलत नाही. मी हा भाग तीनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा पाहताना माझ्या हातात वही-पेन होतं. त्याबद्दल पुढे सांगतो, सांगायला लाज वाटते तरी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर 2012 साली ही मालिका आली. ‘हीरोज’ करणाऱ्या टिम क्रिंगची. दोन सीझनमध्ये संपली. मार्टिन बोम हा आधी पत्रकार होता, आता विमानतळावर सामान उचलतो. बायको 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये गेली. मुलगा जेक 11 वर्षांचा, जन्मापासून एक शब्द बोललेला नाही, कुणी हात लावलेला त्याला चालत नाही, वह्याच्या वह्या आकड्यांनी भरतो. जेक पुन्हा पुन्हा मोबाइलच्या टॉवरवर चढतो आणि घड्याळात तेव्हा 3 वाजून 18 मिनिटं झालेली असतात. शेवटी सरकारी यंत्रणा त्याला तपासणीसाठी ताब्यात घेते. मग डॅनी ग्लोव्हरने केलेला एक म्हातारा प्राध्यापक बापाला सांगतो की तुझ्या पोराला सगळ्या जगाचे धागेदोरे दिसतात. इकडे एक हरवलेला मोबाइल देशोदेशी फिरत राहतो, डब्लिन, टोकियो, बगदाद, आणि सगळी सूत्रं एकमेकांत गुंफली जातात. बाप झालेला कीफर सदरलँड उत्तम. जेक झालेला डेव्हिड मझूझ तर त्याहून; हाच मुलगा पुढे ‘गॉथम’ मालिकेत छोटा ब्रूस वेन, म्हणजे लहानपणीचा बॅटमॅन झाला.

आता तुमचा प्रश्न. भविष्य दिसणं ही शुद्ध विज्ञानकथा आहे, ते सोडून द्या. मालिकासुद्धा जेकवर ऑटिझमचा शिक्का बसलाय असं दाखवते आणि मग तो शिक्का त्याला लागू नाही असाच सूर लावते. म्हणजे लक्षणं आमच्या मुलांची घ्यायची आणि मुलगा मात्र आमचा नाही! याचा मला राग येतो, पण कथेला ते लागतं हेही कळतं.

विलक्षण कौशल्याचं म्हणाल तर ते काही मुलांत असतं. तारखेवरून वार सांगणं, एकदा ऐकलेलं गाणं पेटीवर वाजवणं, पाहिलेली इमारत खिडक्यांसकट काढणं. ‘दहातल्या एकात असतं’ असं तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. हा आकडा मुख्यतः बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाच्या 1978 च्या पाहणीतून आलाय. 5,400 मुलांपैकी 531 जणांत असं काही आहे, असं सांगितलं होतं. कुणी? आईबापांनी. मी स्वतः बाप असल्यामुळे या आकड्याकडे जरा डोळे बारीक करून बघतो. शिवाय यातली बरीचशी कौशल्यं घरातल्या घरात कौतुक व्हावं इतपतच असतात. थक्क करणारी माणसं मोजकी. आणि ज्याच्यावरून 1988 चा ‘रेनमॅन’ हा ऑटिझम असलेल्या, अफाट स्मरणशक्तीच्या माणसावरचा सिनेमा सुचला तो किम पीक, हजारो पुस्तकं तोंडपाठ असलेला, त्याला मुळात ऑटिझम नव्हताच असं मानलं जातं. त्याच्या मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टाच जन्मतः नव्हता.

पण सिनेमा लोकांच्या डोक्यात बसला तो बसला. सोन्याचं निदान झालं तेव्हा माझ्या मावशीने धीर देत विचारलं होतं, “अरे, पण अशा मुलांना काहीतरी स्पेशल असतं ना? ह्याचं काय आहे?” तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी त्या रात्री मी आणि बायको दोघंही जेवलो नाही.

आता वहीची गोष्ट. सोन्या तेव्हा आठ वर्षांचा. त्याला हरभऱ्याचा डबा दिला की तास तास फरशीवर रांगा लावायचा. ‘टच’ पाहिला आणि माझं डोकं फिरलं. तो झोपला की मी उकिडवा बसून रांगेतले दाणे मोजायचो. 7, 11, 9, 14, 6. बेरजा करून पाहिल्या, फरक काढून पाहिले, 3 आणि 18 सुद्धा शोधले! चार रात्री. पाचव्या दिवशी बायकोने भिजत घालायला तेच हरभरे उचलले आणि म्हणाली, “अहो, ह्याने किडके वेगळे काढलेत.” खरंच. भिंतीकडच्या रांगेत सगळे भोकं पडलेले दाणे होते. पोरगा आईला रोज धान्य निवडताना बघत होता आणि तेच करत होता. मी त्यात विश्वाचं रहस्य शोधत बसलो होतो.

म्हणून पहिल्या भागातली एक गोष्ट मला सोडवत नाही, आणि तीच तुमच्या भाच्यासाठी कामाची आहे. जेक टॉवरवर चढतो ते वेड म्हणून नव्हे, तो काहीतरी सांगत असतो. बाकी सगळे त्याला खाली कसं उतरवायचं एवढंच बघतात; ‘हा इथेच का, आत्ताच का?’ हे बाप विचारायला लागतो. तिथून गोष्ट हलते.

आमचाही एक टॉवर होता. सोन्या रोज दुपारी चारनंतर दाराशी जाऊन कडी खडखडवायचा, हात चावायचा, बाहेर पडायला बघायचा. आम्ही वर दुसरी कडी बसवली. मी वहीत वेळा लिहायचो: 4.10, 4.12, 4.09. पोराला घड्याळाशिवाय वेळ कळते म्हणून पुन्हा मनात लाडू फुटले. मग वॉचमनकाका आठवडाभर गावी गेले, तर हा पाच वाजता दाराशी जायला लागला. तेव्हा उलगडलं. आमचं घर तळमजल्यावर, सोसायटीच्या पाण्याची मोटर त्याच्या खोलीच्या खिडकीखाली. काका सवाचारच्या सुमाराला मोटर लावायचे, बदलीचा माणूस पाचला. पंपाच्या खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज याला आतून ऐकू यायचा आणि घरघर सुरू व्हायच्या आत त्याला तिथून पळायचं असायचं. आम्ही मात्र दोन वर्षं त्याला कडी लावून आतच ठेवत होतो.

त्याची खोली बदलली. कानावर लावायचे मफ आणले. दाराची वरची कडी काढली.

तेव्हा भाच्यात काय ‘स्पेशल’ आहे ते शोधण्यात बहिणीचा वेळ जाऊ देऊ नका. तिला एक साधी वही द्या: काय झालं, कुठे, त्याच्या आधी काय चाललं होतं, कुठला आवाज, कुठला वास. तो बोलत नसेल तर चित्रांवर बोट ठेवून सांगण्याची सवय लवकर लावा. ‘त्यामुळे बोलणं मागे पडेल’ असं आम्हालाही सांगितलं गेलं होतं आणि आम्ही तीन वर्षं वाया घालवली. तसं होत नाही. आयआयटी मुंबईने बनवलेलं ‘जेलो’ नावाचं ॲप आहे, त्यात मराठीही आहे. सोन्या टॅबवर तेच वापरतो. आणि दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं काम आत्ताच सुरू करा. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे, पण कागदपत्रांना हेलपाटे पडतात.

मालिका जरूर बघा. भाच्याचा आरसा म्हणून मात्र बघू नका. मागच्या महिन्यात मी ती पुन्हा लावली तेव्हा सोन्या शेजारी येऊन बसला. टोकियो, बगदाद, अपघात, कशाकडेही ढुंकून पाहिलं नाही. मालिकेत एका ठिकाणी जेक पॉपकॉर्नचे दाणे मांडतो, तिथे मात्र तो सरसावून बसला. रिमोट माझ्या हातात कोंबला. मी तो तुकडा चार वेळा लावला. मग त्याने टॅब ओढला, ‘खाणे’ दाबलं, पुढचं चित्र शोधत राहिला. पॉपकॉर्नचं चित्र आम्ही कधी घातलंच नव्हतं. त्याने माझं बोट धरलं आणि नेऊन टीव्हीच्या काचेवर टेकवलं.