स्टॅबिलायझरमधील जळालेल्या ट्रान्झिस्टरचा नंबर नीट वाचता येत नसेल, तर त्याजागी कोणता ट्रान्झिस्टर लावावा?

आपण लिहिले आहे की स्टॅबिलायझरच्या बोर्डावर रिलेजवळचा (रिले म्हणजे कॉइलने चालणारा स्विच) तीन पायांचा काळा ट्रान्झिस्टर तडकला आहे, त्यावर फक्त शेवटचा '15' दिसतो, आणि दुकानदाराने 'चालून जाईल' म्हणून बीसी547 दिला आहे. तो आहे तसा त्या भोकांत बसवू नका.

बोर्डावर आणखी रिले असतील तर आधी त्यांच्याजवळचे ट्रान्झिस्टर भिंगाखाली पाहा, कारण सहसा प्रत्येक रिलेला एकच नंबर वापरलेला असतो. तसे नसेल, तर '15'वर शेवट होणारे दोन अतिशय प्रचलित जपानी नंबर आहेत: सी1815 हा एनपीएन आणि ए1015 हा पीएनपी, म्हणजे एकमेकांच्या उलट ध्रुवतेचे दोन प्रकार. (पूर्ण नावातला '2एस' आवरणावर छापत नाहीत.) दोघांचेही पाय, सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरल्यास, डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असेच असतात; त्यामुळे भोकांचा क्रम पाहून निवाडा होत नाही, तो सर्किटच देते. मेन्सचा प्लग काढून, कपॅसिटर रिकामे झाल्यावर मल्टिमीटरने ट्रॅक तपासा. रिलेच्या कॉइलला जाणारा पाय कलेक्टर, रेझिस्टरमधून आयसीकडे (नियंत्रण करणाऱ्या चिपकडे) जाणारा बेस, आणि उरलेला एमिटर. एमिटर ग्राउंडवर आणि कॉइलचे दुसरे टोक 12 व्होल्टवर असेल तर एनपीएन. एमिटर 12 व्होल्टवर आणि कॉइलचे टोक ग्राउंडवर असेल तर पीएनपी.

आता क्षमतेचा हिशेब. कॉइलचा रोध मोजा. तो 400 ओहम भरला, तर 12 व्होल्टवर 30 मिलिअँपिअर प्रवाह वाहील. सी1815 हा 50 व्होल्ट आणि 150 मिलिअँपिअरचा, तर बीसी547 हा 45 व्होल्ट आणि 100 मिलिअँपिअरचा आहे, म्हणजे एनपीएन ठरल्यास दुकानदाराचा पर्याय क्षमतेने पुरेसा आहे. कॉइल 100 ओहमची निघाली तर मात्र 120 मिलिअँपिअर लागतील आणि बीसी547 कमी पडेल. तिथे बीसी337 घ्यावा.

खरी अडचण पायांची आहे. बीसी547 आणि बीसी337 यांचे पाय त्याच बाजूने पाहिल्यास कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. ट्रान्झिस्टर उलटा फिरवला की एमिटर योग्य भोकात येतो, पण बेस आणि कलेक्टर यांची अदलाबदल तरीही राहते, म्हणून त्यांपैकी एका पायावर स्लीव्ह (इन्सुलेशनची बारीक नळी) चढवून ते एकमेकांवरून वळवावे लागतात. सी1815 मिळत असेल तर ही कसरत कशाला करायची? सुट्या मालात बनावट नंबरही सापडतात, त्यामुळे बसवण्यापूर्वी मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर तपासा: एनपीएनच्या बेसला लाल प्रोब लावून काळा प्रोब उरलेल्या दोन्ही पायांना आळीपाळीने लावल्यास साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट दिसले पाहिजेत.

नवा ट्रान्झिस्टर सोल्डर करण्याआधी कॉइलला समांतर जोडलेला डायोड बाहेर काढून तपासा. तो ओपन (आतून तुटलेला) असेल, तर रिले बंद होताना कॉइलमध्ये उसळणारा व्होल्टेज थेट कलेक्टरवर येतो आणि नवा ट्रान्झिस्टरही जातो. माझ्या मते तुमचा जुना बहुधा यानेच गेला असावा. स्टॅबिलायझरमधला ऑटोट्रान्सफॉर्मर मेन्सपासून विलग नसतो आणि बोर्डाला हात लागल्यास झटका बसू शकतो, म्हणून पुढची चाचणी बोर्ड सुटा करून, बाहेरच्या 12 व्होल्टच्या सप्लायवर घ्या. एनपीएन असल्यास रिले चालू असताना कलेक्टर आणि एमिटर यांच्यामध्ये 0.2 ते 0.3 व्होल्ट किंवा त्याहून कमी दिसावेत; तिथे एक-दोन व्होल्ट दिसत असतील, तर बेसला पुरेसा प्रवाह मिळत नाही, म्हणून बेसचा रेझिस्टर आणि पाय पुन्हा पडताळून पाहा.