११ किलोच्या मुलीला तापाचं सिरप किती एमएल द्यावं? झोपली असेल तर उठवून द्यायचं का?

बाटलीवरचा आकडा, म्हणजे किती एमएलमध्ये किती मिलीग्रॅम औषध आहे, तो तुम्ही लिहिलेलाच नाही, मग किती एमएल ते कसं सांगणार? आणि आकडा न विचारता जो "पाच एमएल द्या" म्हणेल त्याचं ऐकू नका. मी ऐकलं होतं.

मुलगा चौदा महिन्यांचा, वजन ९ किलो. रात्री साडेदहाला ताप १०२. डॉक्टरांना फोन लावला तर ते कुणाच्या तरी लग्नात, मागे बँड. म्हणाले, "पॅरासिटॅमॉल पाच एमएल द्या, सकाळी आणा." मी स्वयंपाकघरातूनच ओरडले, "अरे, पाच एमएल!" डॉक्टरांच्या डोक्यात १२० चं सिरप, म्हणजे ५ एमएलमध्ये १२० मिलीग्रॅम. आमच्या कपाटात ड्रॉप्स, १ एमएलमध्येच १०० मिलीग्रॅम. ड्रॉपर हरवलेला. नवऱ्याने खोकल्याच्या औषधाचं टोपण घेतलं, पाचच्या रेघेपर्यंत भरलं आणि पाजलं. अर्ध्या तासाने आवराआवर करताना बघते तर १५ एमएलची नवी कोरी बाटली एक तृतीयांश रिकामी. मला उभ्या उभ्या घाम फुटला.

पुन्हा फोन. डॉक्टरांनी विचारलं, किती वाजता दिलं, दिवसभरात आधी काही दिलं होतं का, सर्दीचं औषध चालू आहे का. (सर्दीच्या बऱ्याच औषधांत पॅरासिटॅमॉल असतंच, हे मला तेव्हा कळलं.) काहीच दिलेलं नव्हतं म्हणून वाचलो. किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम जायला हवं, गेलं साधारण ५५. एकदाच गेलं म्हणून निभावलं. तेच टोपण दिवसातून चार वेळा, दोन-तीन दिवस चाललं असतं तर यकृताचं काही खरं नव्हतं.

सासूबाई आजही म्हणतात, "पोरगं सकाळी खेळत होतं की! उगाच बाऊ केलास." आई, तोच तर घोळ आहे. पॅरासिटॅमॉल जास्त झालं तरी पहिला दिवसभर मूल ठणठणीत दिसू शकतं, यकृताचं दुखणं मागाहून वर येतं. खेळतंय यावरून काहीही ठरत नाही. असं कुणाकडे झालं तर वाट बघू नका, बाटली घेऊन सरळ दवाखाना गाठा.

आता तुमचं. ११ किलोला एका वेळी ११० ते १६५ मिलीग्रॅम पॅरासिटॅमॉल. १२० चं सिरप असेल तर ५ एमएल, २५० चं असेल तर अडीच. सहा तासांनी द्या, फारच गरज पडली तर चार तासांनी, पण दिवसात चार वेळांच्या वर नाही. घरातला चमचा नको, केमिस्टकडे सुई नसलेली सिरिंज मिळते. झोपलेल्या मुलीला उठवू नका. ताप थर्मामीटरवर उतरवायचा नसतो, लेकराला बरं वाटावं म्हणून औषध असतं. ती शांत झोपली म्हणजे काम झालं.

पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन मुलांना नाहीच. निमेसुलाइडला १२ वर्षांखाली २०११ पासून बंदी आहे, तरी सासूबाईंच्या डब्यात त्याचं जुनं सिरप निघालं होतं. फेकलं, त्यावरूनही भांडण झालं.

नवरा हे वाचणार, म्हणून लिहून ठेवते. ओरडून पाच सांगितलं ते मी, मान्य. बाटली तुझ्या हातात होती.

आणि हो, मी डॉक्टर नाही. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा वर असेल तर हे हिशेब करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या. मूल मलूल असेल, पीत नसेल, लघवी कमी झाली असेल तरीही तेच.