गावात औषधाचा अभ्यास आला, तर गावाला काय मिळतं?

ताई, तुमचा प्रश्न असा की, नागपूरच्या एका संस्थेची टीम भिवापूर तालुक्यातल्या तुमच्या गावात गरोदर बायांना गोळी देऊन अभ्यास करणार आहे. गावात कुजबुज आहे की ‘आपल्यावर औषधं आजमावतात’, आणि आशा म्हणून सगळे तुम्हालाच विचारतात. अशा अभ्यासांत मी बरीच वर्षं फील्ड सुपरवायझर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक करा, फुकट तपासणी हा फायदा म्हणून सांगू नका. टीम गेली की तपासणीही जाते, आणि मग शिव्या तुम्ही खाता. खरा फायदा वेगळा आहे, गावाचं दुखणं गावातच मोजलं जातं. दवाखान्यातल्या संशोधनात दवाखान्यापर्यंत पोचलेलीच माणसं मोजली जातात. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायांना गावातच तपासलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जन्मभर बसूनही हा आकडा हाती लागला नसता.

तुमचं स्वतःचंच काम बघा ना. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी तुम्ही वजनकाटा घेऊन बाळंतिणीच्या घरी जाता, त्याच्या मुळाशी गडचिरोलीतल्याच ३९ गावांतला प्रयोग आहे. तिथे गावातल्याच बायांना नवजात बाळाचा जंतुदोष ओळखायला आणि उपचार करायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी त्या गावांत हजार जन्मांमागे साधारण २५ नवजात दगावले, तुलनेच्या गावांत ६० च्या आसपास. १९९९ मध्ये ते छापून आलं, २०११ पासून देशभरच्या आशांकडे आलं. त्याच भागात न्यूमोनियाच्या कामाच्या वेळी बाळांचे श्वास मोजायचे होते आणि दाईंना पन्नासपर्यंत आकडे येत नव्हते, म्हणून मणी आणि वाळूचं घड्याळ असलेलं साधन बनवलं. ही अक्कल एसीत बसून सुचत नाही!

आता गोळी. आपल्या भागात असा अभ्यास आधीही झालाय. सहा देशांतल्या जवळपास १२ हजार पहिलटकरणी त्यात होत्या, भारतातली ठिकाणं बेळगाव आणि नागपूर. निम्म्यांना रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. वेळेआधीच्या, म्हणजे ३७ आठवड्यांआधीच्या प्रसूती १३.१ टक्क्यांऐवजी ११.६ टक्के झाल्या. २०२० मध्ये निष्कर्ष आले. फरक लहान वाटतो, पण अ‍ॅस्पिरिन काही महाग औषध नाही. गोळी चौदा आठवडे पूर्ण व्हायच्या आत सुरू करायची होती. इतक्या लवकर दिवस गेल्याचं मोठ्या दवाखान्याला कुठून कळणार? ते गावातच कळतं.

पण म्हणून डोळे झाकून हो म्हणायचं नाही. टीमकडून सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा, औषधाच्या चाचणीला २००९ पासून ती नोंदणी सक्तीची आहे. एथिक्स कमिटीचा, म्हणजे अभ्यासातल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीचा, फोन नंबर संमतिपत्रावर असायला हवा, आणि संमतिपत्राची मराठी प्रत बाईच्या घरी राहायला हवी. अभ्यासामुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, तेही त्यात बघा. औषध चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांत ते बंधनकारक आहे.

संमती घेताना मी शंभरदा पाहिलेलं दृश्य म्हणजे ओसरीवर सासू बसलेली, कागद अर्धा वाचून व्हायच्या आत ती म्हणते, “लाव वं अंगठा, दवाखान्याचेच लोक हायेत.” सून मान खाली घालून अंगठा पुढे करते. ही संमती नव्हे. वाचता न येणाऱ्या बाईसाठी टीमबाहेरचा साक्षीदार लागतो, आणि ‘मधेच सोडलं तरी पीएचसीतले उपचार बंद होणार नाहीत’ हे तिला वेगळं, एकटीला सांगावं लागतं.

आणि गुप्तता. आपल्याकडे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. एका गावात तपासणीचे रिपोर्ट एका संस्थेच्या माणसानं चावडीवर नावं पुकारून वाटले, आणि एका पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. ती नुसती वाहक होती, आजारी नव्हती! रिपोर्ट घरी, हातात, बंद पाकिटातच मिळेल हे टीमकडून ग्रामसभेत वदवून घ्या, आणि निष्कर्ष आले की ते गावात येऊन सांगायचे हेही ठरावात लिहा. सभा मात्र कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी ठेवू नका, ज्यांच्याकरता ठेवाल त्याच बाया वावरात असतील.